कार्ल्सहोर्स्ट ते प्शेमिश्ल

बर्लिनच्या पूर्व भागात, कार्ल्सहोर्स्टमध्ये, एक साधी दुमजली इमारत आहे. ८ मे १९४५ च्या रात्री जर्मन सेनापतींनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या त्या इथल्याच दालनात. पूर्व जर्मनीच्या काळात इथे सोव्हिएत लष्कराचे संग्रहालय होते. रशियन फौजा परत गेल्यावर, १९९५ मध्ये, दोन्ही देशांनी मिळून ते नव्याने मांडले आणि ‘जर्मन-रशियन संग्रहालय’ म्हणून ते ओळखले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली, तेव्हा पाटीवरचे ‘जर्मन-रशियन’ खोडले गेले आणि आवारात युक्रेनचा झेंडा चढला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. युक्रेन आणि बेलारूस तर अख्खेच्या अख्खे जर्मन टाचेखाली होते. तरीही युद्धोत्तर जर्मनीने या अपराधाचे देणे मुख्यतः मॉस्कोच्या नावावर मांडले. मधल्या देशांची नोंद त्या वहीत उशिरा आणि फिकट शाईत झाली.

पश्चिम जर्मनीच्या पूर्व धोरणाचा क्रमही तसाच होता. विली ब्रांट यांचे सहकारी एगॉन बार यांनी १९६३ मध्ये जवळिकीतून बदल घडवण्याची कल्पना मांडली आणि पुढे चान्सेलर झाल्यावर ब्रांट यांनी ती राबवली. फेब्रुवारी १९७० मध्ये एसेन शहरात करार झाला: जर्मनीने पोलादी नळ द्यायचे, सोव्हिएत संघाने नैसर्गिक वायू. ऑगस्टमध्ये मॉस्कोशी तह झाला, आणि वॉर्साची पाळी आली डिसेंबरमध्ये. या धोरणाने शीतयुद्धाची धार बोथट केली, हे नाकारता येत नाही. पण मॉस्कोशी जमले की पूर्वेचे बाकी सगळे जमते, ही सवय जर्मनीला त्यातूनच जडली.

बर्लिनहून वॉर्साला जाणारी गाडी तासाभरात ओडर नदीवर पोहोचते. अलीकडे जर्मनीचे फ्रांकफुर्ट, पलीकडे पोलंडचे स्लुबित्से. १९४५ पर्यंत स्लुबित्से हे याच फ्रांकफुर्टचे नदीपलीकडचे उपनगर होते. ओडर-नाइसे ही सीमा पूर्व जर्मनीने १९५० मध्येच मान्य केली, एकत्रित जर्मनीने १४ नोव्हेंबर १९९० च्या तहाने त्यावर कायमची मोहोर उठवली, आणि १७ जून १९९१ ला चांगल्या शेजारधर्माचा करार झाला. त्याच वर्षी फ्रांकफुर्टमध्ये विआद्रिना विद्यापीठ पुन्हा उघडले. त्याचे एक संकुल पुलापलीकडे स्लुबित्सेत आहे, आणि विद्यार्थी तासांसाठी चालत देश ओलांडतात. डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन क्षेत्रात आला आणि पुलावरची तपासणी संपली. ती परतही आली: स्थलांतरितांच्या प्रश्नावरून जर्मनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केली, तर पोलंडने प्रत्युत्तरादाखल जुलै २०२५ मध्ये. पूर्वेच्या मोठ्या प्रश्नांवर दोन्ही राजधान्या एकमेकींच्या जवळ येत असताना या छोट्या पुलावर पोलीस उभे राहावेत, हे मला तरी विचित्र वाटते.

ओडरनंतरचा पहिला टप्पा खिडकीतून सपाट आणि एकसुरी दिसतो. पाइनची राने, बटाट्याची शेते. इतिहासाने मात्र ही जमीन उलटीपालटी केली आहे. १९४५ नंतर इथले जर्मन हाकलले गेले. त्यांच्या घरांत आलेल्या पोलिश कुटुंबांपैकी पुष्कळशी पूर्वेकडच्या, सोव्हिएत संघाने गिळलेल्या प्रांतांतली होती. पोलंडचा नकाशाच उचलून पश्चिमेला सरकवला गेला. म्हणून पूर्वेचा विषय पोलंडमध्ये परराष्ट्र खात्यापुरता राहत नाही. अनेक घरांत तो आजीच्या गावाचा विषय असतो. पोझ्नानला गाडी थोडी थांबते. तिथे कैसर विल्हेल्म दुसरा याने बांधून घेतलेला राजवाडा आहे. तो १९१० मध्ये पूर्ण झाला आणि नऊ वर्षांच्या आत शहर पोलंडचे झाले.

वॉर्सात दोन स्मारके पायी पाहावीत. पहिले घेट्टोतील वीरांचे. ७ डिसेंबर १९७० रोजी ब्रांट इथेच गुडघे टेकून बसले. तिथून थोड्याच अंतरावर, मुरानोव्स्का रस्त्यावर, पूर्वेत मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे: रुळावर उभा उघडा वाघिणीचा सांगाडा, त्यात दाटीने खोचलेले क्रूस, आणि रुळांखालच्या स्लीपरांवर कोरलेली गावांची व छावण्यांची नावे. त्याचे अनावरण १७ सप्टेंबर १९९५ रोजी झाले. १७ सप्टेंबर ही तारीख मुद्दाम निवडलेली. १९३९ मध्ये याच दिवशी, जर्मन हल्ल्याच्या सोळा दिवसांनंतर, सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या दोन वर्षांत तिथली लाखो माणसे अशाच वाघिणींतून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली.

त्यांतले काही हजार जण मध्य आशिया आणि इराणमार्गे भारतात पोहोचले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी त्यांची मोठी छावणी होती. जवळपास पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्या छावणीची आठवण सांगणारे स्मारक वॉर्सातही आहे. कोल्हापूरकरांनी पाहिलेले हे पोलिश लोक ज्या गावांतून आले, ती गावे आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत.

एवढे गमावलेल्या देशाने ते परत मागितले असते तर नवल नव्हते. पोलंडने ते केले नाही, याचे बरेचसे श्रेय एका मासिकाकडे जाते. मिन्स्कमध्ये जन्मलेले येझी गेद्रोइट्स यांनी १९४७ पासून २००० साली मृत्यू होईपर्यंत पॅरिसजवळच्या मेझों-लाफितमधून ‘कुल्तुरा’ चालवले. त्यांचे सहकारी युलिउश मिएरोशेव्स्की यांनी १९७४ मध्ये आपल्याच वाचकांना न रुचणारी गोष्ट लिहिली: ल्वूफ आणि विल्नो ही गमावलेली शहरे विसरा. युक्रेन, लिथुआनिया आणि बेलारूस स्वतंत्र झाले तरच रशियाचे साम्राज्य संपेल आणि पोलंड सुरक्षित होईल. निर्वासितांच्या मासिकात छापलेला एक विचार पुढे जवळजवळ राष्ट्रीय धोरण झाला. २ डिसेंबर १९९१ रोजी, तिथल्या स्वातंत्र्याच्या सार्वमतानंतर दुसऱ्याच दिवशी, पोलंडने युक्रेनला मान्यता दिली. कॅनडाची मान्यताही त्याच दिवशीची. वॉर्सातली सरकारी खर्चाने चालणारी पूर्व अभ्यास संस्था १९९० पासून या भागावर बारीक नजर ठेवून आहे.

पूर्वेकडे पाहण्याच्या जर्मन आणि पोलिश अशा या दोन नजरांची टक्कर वायूच्या नळावरून सर्वांत जोरात झाली. बाल्टिक समुद्राखालून थेट रशियातून जर्मनीत येणारा ‘नॉर्ड स्ट्रीम’ नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाला. जर्मन सरकार त्याला व्यापारी प्रकल्प म्हणत राहिले. पोलंडचे तेव्हाचे संरक्षणमंत्री राडोस्वाव्ह सिकोर्स्की यांनी मात्र २००६ मध्येच त्याची तुलना १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराशी केली होती. तुलना अतिरेकी होती आणि बर्लिनला झोंबली, पण त्यामागचा हिशेब सरळ होता: नळ पोलंड आणि युक्रेनला वळसा घालून गेला, की जर्मनीचा पुरवठा चालू ठेवून या दोघांचा तोडता येतो. २०२१ मध्ये जर्मनीच्या वायू आयातीतला निम्म्याहून अधिक भाग रशियाचा होता. दुसरा नळ बांधून पूर्ण झाला, पण युक्रेनवरच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी त्याची मंजुरी थांबवली गेली. पोलंडने मधल्या काळात श्विनौइश्चे बंदरात द्रवरूप वायूचे टर्मिनल उभे केले आणि नॉर्वेहून येणारी ‘बाल्टिक पाइप’ २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू केली. आदल्याच दिवशी नॉर्ड स्ट्रीमचे नळ स्फोटांनी फुटले होते. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी दुसऱ्या नळाचा हट्ट चुकला होता, अशी कबुली दिली.

त्याआधीचे वर्ष २००८ हेही बोलके आहे. एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाच्या वाटेवर घेण्यास जर्मन चान्सेलर मेर्केल यांनी विरोध केला. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे जॉर्जियात शिरले, तेव्हा पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की शेजारी देशांच्या नेत्यांना घेऊन तिबिलिसीत जाऊन उभे राहिले. बर्लिनला हे चिथावणीखोर वाटले, तर वॉर्साला बर्लिनचा सावधपणा भोळा. रशिया चिथावला जाईल ही मेर्केल यांची भीती निराधार नव्हती, पण सदस्यत्वाचे अर्धवट आश्वासन देऊन दार अर्धवट उघडे ठेवण्याने कोणाचेच भले झाले नाही, असे माझे मत आहे.

वॉर्साहून प्शेमिश्लची गाडी क्राकूफ, तार्नुफ करत झेशूफला येते. या शहराचा विमानतळ २०२२ पासून युक्रेनला जाणाऱ्या पाश्चात्त्य मदतीचे मुख्य केंद्र आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमेजवळच्या प्शेवोडुफ गावात क्षेपणास्त्र पडून दोन जण मेले. जर्मनीने पॅट्रियट ही हवाई संरक्षण यंत्रणा देऊ केली. पोलंडमधल्या सत्ताधाऱ्यांनी आधी होकार दिला, मग ती युक्रेनलाच द्या म्हणाले, आणि अखेर स्वीकारली. २०२५ च्या सुरुवातीला जर्मन पॅट्रियट खुद्द झेशूफजवळ तैनात झाल्या. पोलिश भूमीच्या रक्षणासाठी जर्मन सैनिक, हे दृश्य तिथल्या वृद्धांना काय वाटत असेल याची कल्पना करवत नाही. सिकोर्स्की मात्र २०११ मध्ये बर्लिनमध्येच सांगून गेले होते, की जर्मन ताकदीपेक्षा जर्मन निष्क्रियतेची त्यांना जास्त धास्ती वाटते.

प्शेमिश्लच्या स्थानकात एका बाजूला युक्रेनकडून आलेले रुंद रूळ आहेत. कीव्हच्या गाड्या त्यांवरून सुटतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर जवळपास तीन आठवड्यांनी पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान रेल्वेने कीव्हला गेले. तेव्हाचे जर्मन चान्सेलर शोल्ट्स गेले जूनमध्ये. १० मे २०२५ ला मात्र जर्मन चान्सेलर मेर्त्स आणि पोलंडचे पंतप्रधान टुस्क एकाच दिवशी कीव्हमध्ये होते. त्याच महिन्यात लिथुआनियात जर्मनीची कायमस्वरूपी ब्रिगेड औपचारिकपणे उभी राहिली. एवढ्यापुरती पोलंडची नजर जर्मनीने स्वीकारली, असे म्हणता येते.

खुद्द पोलंडमध्ये ती नजर आता तेवढी स्थिर नाही. २०२३ मध्ये स्वस्त युक्रेनी धान्यावरून पोलिश शेतकऱ्यांनी सीमेवरचे रस्ते अडवले. त्यांत प्शेमिश्लजवळचा मेदिकाचा नाकाही होता. १९४३ मध्ये युक्रेनी बंडखोरांनी व्होलिनमधल्या पोलिश गावांत केलेल्या कत्तली आणि तिथल्या मृतांचे उत्खनन हा वादही पेटत राहिला. बेलारूसच्या सीमेवर १८६ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभे आहे, आणि गेद्रोइट्स यांच्या तीन देशांपैकी निदान त्या एका बाबतीत पोलिश धोरणापाशी आज कुंपणापलीकडे फारसे काही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष नाव्रोत्स्की यांनी युक्रेनी निर्वासितांच्या सवलती लांबवणारा कायदा नामंजूर केला. जर्मनीतही याच सुमारास निर्वासितांच्या भत्त्यांना कात्री लावण्याची चर्चा चालली होती. दोन्ही देशांत प्रत्येकी दहा लाखांहून अधिक युक्रेनी माणसे राहतात.