ब्राह्मी आणि सुंदरी

आपल्या घरांतून मुलींची नावे अलीकडे फार वेगाने बदलत आहेत. त्रिशला, राजुल, चंदनबाला, मैनासुंदरी ही नावे आजीच्या पिढीबरोबर मागे पडली. मायरा, कियारा यांसारखी कानाला गोड, परंतु अर्थ विचारल्यास घरात सहसा कोणाला सांगता न येणारी नावे पाळण्यात आली. नाव नवे असण्याला माझा विरोध नाही. ते मुलीला काय देते, हा प्रश्न आहे.

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा व्यापार करणाऱ्या आमच्या कुटुंबात सूनबाईंनी नातीसाठी ‘ब्राह्मी’ हे नाव सुचविले. ‘ते तर तेलाच्या बाटलीवर असते,’ म्हणून नातीच्या आत्याने नाक मुरडले. मला मात्र ते मनापासून आवडले. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपली परंपरा सांगते. ज्या अक्षर-अंकांवर आपली खातेवही उभी आहे, ते प्रथम कन्यांच्या हाती दिले गेले. आणि आपल्या पेढीच्या गादीवर मुलगी क्वचितच बसते!

याच महाराष्ट्राने ‘नकोशी’ हे नावही पाहिले. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते उत्तमच झाले. पण घरातील स्थान बदलले, तरच बदललेल्या नावाला अर्थ येतो.

म्हणून मी घरात एवढेच म्हटले: नाव ब्राह्मीच ठेवावे, मात्र ती मोठी झाल्यावर वही तिच्या हाती देण्याची तयारी पुरुषांनी आजपासून करावी.