पुढच्या तारखेपर्यंत

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असा वैद्यकाचा साधा हिशेब आहे. परंतु हे बारा महिने मोजायला सुरुवात होण्यापूर्वी कधी चार, तर कधी आठ वर्षांचा एक धूसर पट्टा ओलांडावा लागतो, ज्यात पंचवीस-तीस वर्षे पाळलेले शरीराचे वेळापत्रक विस्कटू लागते आणि ज्याला वैद्यकात रजोनिवृत्तीचा संक्रमणकाळ असे म्हणतात. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच, थांबत असल्याने हा पट्टा अनेकींच्या वाट्याला चाळिशी ओलांडताच येतो. मराठवाड्याच्या पावसाने दीड-दोन महिने खंड द्यावा आणि मग एका रात्रीत ओढे-नाले भरून वाहावेत, तशी ही पाळी दोन महिने येतच नाही आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून जात राहते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, श्यामनगरच्या शासकीय स्त्री रुग्णालयात किंवा विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही तक्रार घेऊन गेलेल्या बाईला बहुधा पहिल्याच भेटीत सोनोग्राफी सांगितली जाते. आणि येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही असा फलक १९९४ च्या कायद्यानुसार लावलेल्या त्या खोलीबाहेर, पहिलटकरणींच्या रांगेत, भरपूर पाणी पिऊन आणि लघवी रोखून धरून, ती आपला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत बसते.

तासाभराने हाती पडणारा अहवाल इंग्रजीत असतो, आणि त्यातील तीन-चार शब्द त्या दिवसापासून घरात वस्तीला येतात. ‘बल्की युटेरस’ म्हणजे गर्भाशय नेहमीपेक्षा थोडे मोठे दिसते एवढेच. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ते तसे दिसणे स्वाभाविक असते, तरी घरी त्याचे भाषांतर ‘पिशवीला सूज’ असे होते आणि सूज म्हटली की घोर लागतो. ‘फायब्रॉइड’ ही गर्भाशयाच्या स्नायूंतच वाढणारी गाठ; पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांत ती लहान-मोठ्या आकारात असतेच, तिचा कर्करोग असणे अत्यंत दुर्मीळ असते, आणि पाळी थांबल्यावर ती सहसा आक्रसत जाते. ‘सिंपल सिस्ट’ म्हणजे अंडाशयावरची पातळ भिंतीची, आत नितळ पाणी असलेली पुटी. बीजांड तयार होण्याच्या मासिक व्यवहारातूनच ती उद्भवते आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. भिंत जाड असेल, आत घन भाग किंवा त्यात रक्तप्रवाह दिसत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी ठरते आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिलेले असते.

सर्वांत जास्त झोप उडवणारा आकडा गर्भाशयाच्या अस्तराचा. हे अस्तर दर महिन्याला वाढते व पाळीच्या वाटे गळून पडते. पाळी संपता संपता ते दोन-चार मिलिमीटर भरते आणि पुढच्या पाळीआधीच्या आठवड्यात तेच चौदा-सोळा मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून पाळीच्या कोणत्या दिवशी मोजले हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. संक्रमणकाळात कित्येक महिने बीजांड सुटतच नाही. बीजांड न सुटल्याने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनला आवर घालणारे कोणी न उरल्याने ते मुदतीत न गळता साचत राहते. शेजारच्या बाईकडून ऐकलेली चार मिलिमीटरची मर्यादा पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांसाठी ठरवलेली आहे. पाळी अजून चालू असलेल्या बाईने ती स्वतःला लावून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने आपला झगा बेतणे होय. मात्र साचलेल्या अस्तराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, त्यातही लठ्ठपणा किंवा मधुमेह असला, तर त्याच्या पेशी बिघडू शकतात, हेही तितकेच खरे आहे. अशा वेळी बारीक नळीने अस्तराचा कणभर नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला बायोप्सी म्हणतात, आणि जाडीच्या आकड्याने उभा केलेला प्रश्न हा नमुनाच सोडवतो. अहवालाच्या तळाशी बहुधा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असे दोन शब्द असतात, म्हणजे रोगिणीला प्रत्यक्ष तपासून या निरीक्षणांचा अर्थ लावावा. घरी गेल्यावर अहवाल वाचताना नेमकी हीच ओळ कोणी वाचत नाही.

सोनोग्राफीच्या यंत्राच्या जन्माची हकीकत चिंतेत पडलेल्या प्रत्येकीला सांगण्यासारखी आहे. १९५५ च्या जुलैमध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या फायब्रॉइडच्या गाठी आणि अंडाशयाच्या पुटी दोन मोटारींच्या डिकीत भरून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या. धातूच्या आत दडलेले तडे ध्वनिलहरींनी शोधण्याचे यंत्र तेथे होते, आणि तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही पुरवला होता. गाठीतून आणि पुटीतून परतणारा प्रतिध्वनी वेगवेगळा असतो, हे त्या दिवशी दिसले. पुढे पोट फुगलेल्या आणि जठराचा असाध्य कर्करोग ठरवून आशा सोडलेल्या एका स्त्रीच्या पोटावर डोनाल्ड यांनी हेच तंत्र वापरले, तेव्हा आत द्रवाने भरलेली अंडाशयाची प्रचंड पुटी असल्याचे कळले. ती काढली गेली आणि बाई बरी झाली. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या यंत्राच्या कागदाने आज बायका धास्तावतात, त्याच्या पहिल्या कीर्तीचे कारण एका बाईवरचा कर्करोगाचा शिक्का पुसणे हे होते.

तरीही धास्ती अशा माहितीने लगेच हटत नाही, कारण या वयात तिला शरीराचीच साथ मिळते. इस्ट्रोजेनच्या चढउतारांनी रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि पहाटे तीनला जाग येते. त्या वेळी जी भीती मनात उभी राहते तिच्यात अहवालाचा वाटा किती आणि संप्रेरकांचा किती, हे त्या बाईला वेगळे काढता येत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, हे या तासाला पुरेपूर लागू पडते. लातुरात या चिंतेला आणखी एक पदर आहे. मुलामुलींच्या वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी उदगीर, मुखेड, अहमदपूर अशा गावांतून आलेल्या आया तेथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात, डबा आणि जागरणे सांभाळतात, आणि नेमक्या याच वर्षांत त्यांची पाळी विस्कटते. ‘परीक्षा होऊ दे, मग दाखवू’ असे म्हणून त्या अहवाल गादीखाली ठेवतात, आणि त्याच खोलीत मुलीच्या टेबलावर बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक पडलेले असते, ज्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या चढउताराचा आलेख छापलेला आहे. आईच्या कागदाचा अर्धा उलगडा त्या आलेखात आहे. मुलीला तो तोंडपाठ असतो, पण आईचा अहवाल तिला दाखवला जात नाही. शिक्षणाच्या एवढ्या ख्यातीच्या गावात ही एक शिकवणी राहून जाते, असे म्हणावे लागते.

भीतीला दिलेले सर्वांत महागडे उत्तर मात्र लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्याने पाहिले. तेथील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे उघड झाल्यावर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०१९ मध्ये पुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांमागे एकीचे, आणि त्यांतल्या कित्येकी पस्तिशी-चाळिशीच्याही आतल्या. पांढरे जाणे, कंबर दुखणे, जास्त अंगावर जाणे अशा तक्रारींवर ‘पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य पुरेसे ठरत असे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले की खाडा कापला जातो. अशा हिशेबात दर महिन्याचे दुखणे आणि दर महिन्याची भीती एकदाच संपवून टाकणे बाईलाही सोयीचे वाटावे, यात नवल नाही. औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी किंवा बिघडलेल्या पेशी यांसाठी गर्भाशय काढणे योग्यच असते. परंतु त्याआधी गोळ्या असतात, तांबीसारखे दिसणारे पण प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध सोडणारे साधन असते, बायोप्सी असते. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. भीती घालवण्यासाठी अवयव घालवण्याच्या या रीतीवर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले.

याच्या अगदी उलट उदाहरण लातूरच्या दुसऱ्या सीमेवर आहे, आणि ते घराघरांत माहीत नाही याचा खेद वाटतो. १९८२ पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचा भाग होते, त्याच्या खेड्यांत १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा शोध घेण्याच्या तीन पद्धती तपासून पाहिल्या. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवले: तुलनेच्या गटात ६४ मृत्यू, तर तपासणी झालेल्या गटात ३४. तुलनेच्या गटातील बायकांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, असा वाद पुढे झाला आणि तो रास्तच होता. पण जगभरच्या धोरणांना आधार देणारे हे ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांनी दिले, हेही विसरता येत नाही. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा: गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याच्या सुरुवातीच्या अवस्थेत सोनोग्राफीत दिसत नाही. जिचा अहवाल ‘नॉर्मल’ आहे ती निर्धास्त होते आणि जिच्या अहवालात निरुपद्रवी पुटी आहे ती रात्री जागते, तेव्हा दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी राहून गेलेली असू शकते.

चिंता हलकी करण्याचे बायकांचे स्वतःचे मार्ग असतात. कोणी माहूरच्या रेणुकामातेला खणानारळाने ओटी भरण्याचा नवस बोलते. पुढची तपासणी चुकवली जात नाही तोवर त्यात वावगे काही नाही, कारण काही आठवडे आपल्या हातात नसलेली गोष्ट कोणाच्या तरी स्वाधीन करणे हीसुद्धा मनाची एक शिस्त आहे. कोणी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात किंवा उलट दिशेने हैदराबादला दुसरे मत घेण्यास जाते, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल तर दुसरे मत घ्यावेच. अंडाशयाच्या कर्करोगासाठी केली जाणारी रक्तातील सीए-१२५ ही तपासणी मात्र धीर मिळावा म्हणून स्वतःहून करून घेऊ नये. फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटाचा क्षयरोग किंवा नुसती चालू असलेली पाळी यांनीही तिचा आकडा चढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आलेल्या मोठ्या अभ्यासात तक्रार नसताना केलेल्या अशा तपासण्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके असतात: हे नेमके काय दिसते आहे, आणखी काय पाहायला हवे, केव्हा, आणि मधल्या काळात काय झाले तर आधी यावे. हे प्रश्न विचारताना जाऊ, बहीण, मुलगी यांपैकी कोणी बरोबर असले, तर निदान उत्तरे दोघींना ऐकू येतात.

‘सहा आठवड्यांनी, पाळी संपल्यावर या’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बहुधा अगदी बरोबर असतो. परंतु तो पाळणे नांदेडातल्या शिक्षिकेला जमते आणि दसऱ्यानंतर मुखेड, कंधार किंवा जळकोटहून ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात निघालेल्या बाईला जमत नाही. तिच्यासाठी सहा आठवडे म्हणजे सहा महिने, आणि म्हणूनच वाट पाहण्याऐवजी काढून टाकण्याचा सौदा तिला पटतो. तपासणाऱ्यांनी अहवालाखाली मराठीत, फेरतपासणी कशासाठी ते एका ओळीत लिहून, टोळी निघण्याच्या आत बसणारी किंवा तिच्या कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात पाळता येईल अशी तारीख द्यावी. घरच्यांनी ती तारीख बी-बियाण्यांच्या आणि फीच्या तारखांइतकीच लक्षात ठेवावी. आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी कोणत्याही बाईने दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे.