द्व्यामुष्यायण

धर्मशास्त्रांत ‘द्व्यामुष्यायण’ म्हणून एक पुत्र सांगितला आहे. ‘हा आपणां दोघांचाहि’ असा करार करून जनकानें दुसऱ्यास दत्तक दिलेला मुलगा तो. दोन्ही घरच्या पितरांस तो पिंड देतो आणि दोन्ही घरचा दायाद होतो. तीस-पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, परंतु असा पुत्र कधीं पाहण्यांत आला नाहीं. तो अखेर आढळला तो फुटबॉलच्या मैदानावर, आणि तोहि अमेरिकेंत!

या खेळास तिकडे सॉकर म्हणतात. आमचे थोरले चिरंजीव न्यू जर्सींत असतात. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा या खेळाच्या पायीं अन्नपाणी विसरतो. जन्मानें तो अमेरिकेचा नागरिक. चिरंजीवांपाशीं मात्र अजून ग्रीन कार्डच आहे. शपथ घेण्यास ते केव्हांच पात्र झाले. परंतु परदेशचें नागरिकत्व स्वेच्छेनें पत्करलें कीं १९५५ च्या कायद्यानें भारताचें आपोआप संपतें. पुढें ओ.सी.आय. कार्ड मिळतें, नांवांत ‘नागरिक’ हा शब्द असला तरी त्यानें मतदानाचा हक्क येत नाहीं. गेल्या वैशाखांत मंडळी इकडे आली असतां ओसरीवर रोज हाच विषय, आणि त्याला फोडणी नातवाच्या फुटबॉलची.

त्या मुलानें मला जें समजाविलें तें मोठें चमत्कारिक आहे. अमेरिकेंतील धंदेवाईक संघांचा मुख्य मेळावा, मेजर लीग सॉकर, १९९६ सालीं सुरू झाला. प्रत्येक संघास मूळांत परदेशी खेळाडूंच्या आठ जागा असतात. या जागा एका संघानें दुसऱ्यास द्याव्या व मोबदला घ्यावा, अशी मुभा आहे. आपल्याकडे पूर्वीं वतनें गहाण पडत. तेथें परकेपणाच्या जागेलाच भाव येतो! आणि हा परकेपणा शपथेनें जात नाहीं, तर ग्रीन कार्डानें जातो. अर्जेंटिनांत जन्मलेल्या गड्याच्या हातीं कार्ड पडलें कीं तो संघाच्या यादींत ‘स्वदेशी’ ठरला, व त्याची जागा दुसऱ्या परदेशी गड्यासाठीं मोकळी झाली. म्हणून संघाचे चालक गोलांची वाट पाहतात तशीच या कागदाची पाहतात. याच मेळाव्यांत कॅनडाचे तीन संघ आहेत. अमेरिकन गडी तेथें स्वदेशी गणला जातो. कॅनडाचा गडी अमेरिकन संघांत मात्र सामान्यतः परदेशीच. व्याह्यांच्या मानपानांतहि इतका एकतर्फीपणा मीं पाहिला नाहीं.

राष्ट्राच्या संघाची गोष्ट निराळी. तेथें नागरिकत्वच लागतें. परंतु पूर्वीं हा नियम सैल होता. १९५० च्या विश्वचषकांत, ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथें अमेरिकेनें इंग्लंडला १-० असें हरविलें. तो एकमेव गोल करणारा जो गेटजेन्स हा हैतीचा. हिशेबाचें शास्त्र शिकावयास तो न्यूयॉर्कला गेला होता, उपाहारगृहांत भांडीं घांशी, आणि ब्रुकहॅटन नांवाच्या धंदेवाईक संघांतून खेळे. ‘नागरिक होण्याचा माझा मानस आहे’ एवढें त्यानें सांगितलें, तें पुरेसें मानलें गेलें. तो मानस पुरा झालाच नाहीं. पुढें तो फ्रान्समध्यें खेळला, १९५३ सालीं हैतीतर्फे खेळला आणि मायदेशीं परतला. १९६४ च्या जुलैंत दुव्हालिये या हुकूमशहाच्या हस्तकांनीं त्याला धरून नेलें. राजकारण त्याचें नव्हतें, त्याच्या भावांचें होतें. त्याचें प्रेतहि घरच्यांस मिळालें नाहीं. ज्या देशाला त्यानें विजय दिला तेथें तो नागरिक नव्हता, आणि ज्याचा नागरिक होता त्यानें त्याचा घास घेतला. हें ऐकून आमच्या घरांतून उद्गार निघाले, “म्हणजे बिचारा कोणाचाच नव्हे!”

आतां नियम मोजूनमापून केले आहेत. जर्मेन जोन्स हा जर्मन माता व अमेरिकन सैनिक पिता यांचा मुलगा. जर्मनीतर्फे तो तीन सामने खेळला, पण ते मैत्रीचे. २००९ सालीं फिफानें संघ बदलण्यावरील वयाची अट काढली, तेव्हां तो अमेरिकेकडे आला व २०१४ च्या विश्वचषकांत त्यानें पोर्तुगालविरुद्ध गोल केला. २०२० पासून हे नियम आणखी सैल झाले आहेत.

अमेरिकेच्या शपथेंत इतर सर्व राजे व राज्यें यांची निष्ठा सोडतों, अशा अर्थाचें वचन आहे. तथापि दुसरें पारपत्र कोणी हिसकावून घेत नाहीं. इस्रायलच्या निवडणुकींत मत दिल्यामुळें अफ्रोयिम नांवाच्या गृहस्थाचें अमेरिकन नागरिकत्व गेलें असें सरकारनें ठरविलें होतें. १९६७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं माणसाच्या संमतीवांचून तें काढतां येत नाहीं. आपल्याकडे उलट. २००८ पासून भारतीय पारपत्र असल्यावांचून भारतातर्फे खेळतां येत नाहीं. पुण्याच्या संघांतून खेळणारा आराता इझुमी, पिता गुजराती व माता जपानी, जपानचें नागरिकत्व सोडून भारताचा झाला, तेव्हां कोठें २०१३ सालीं त्याला भारताचा सदरा मिळाला.

मला विचाराल तर आपला कायदा कठोर असला तरी न समजण्याजोगा नाहीं. ज्या घरास आपल्या माणसांची ओढ अधिक, तें दत्तक देतांना हात आंखडतें. परंतु चिरंजीवांचें मुख पाहतांना हा युक्तिवाद माझ्या जिभेवर येईना. त्यांना तेथें मत द्यावयाचें आहे, मुलाच्या शाळेच्या कारभारांत बोलावयाचें आहे. आणि येथील निळें पारपत्र पेटींतून काढून परत करण्यास हात उचलत नाहीं. नातू म्हणतो, “आजोबा, बाबांना कार्ड पुरे; त्यांना कुठें विश्वचषक खेळायचाय?” मुलगा हुशार आहे, पण तेरा वर्षांचा आहे.

त्या पारपत्राची मुदत पुढील मार्गशीर्षांत संपते. तें नवें करावयाचें कीं शपथ घ्यावयाची, हें चिरंजीवांनीं कळविलेलें नाहीं. आणि मींहि अद्याप विचारलेलें नाहीं.