दोन विमानांच्या मधलं मस्कत

मुंबईहून युरोपला निघालेला प्रवासी तिकीट शोधताना दोनच गोष्टी बघतो, भाडं आणि एकूण तास. मस्कतमार्गे जाणारं तिकीट पुष्कळदा परवडणारं असतं, पण मधे नऊ-दहा तासांचा लेओव्हर दिसला की बोट पुढच्या पर्यायाकडे सरकतं. तेवढेच तास दुबईत मिळाले असते तर हाच प्रवासी खूश झाला असता. प्रवासाची आखणी करून देणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे ‘मस्कतला एवढा वेळ करायचं काय?’ हा प्रश्न मला ठरावीक सुरात ऐकू येतो.

दुबई पाहुण्यासाठी रात्री-अपरात्रीही जागी असते. मस्कत आपल्या वेळेने उघडतं आणि आपल्या वेळेने मिटतं. म्हणून इथली आखणी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू करून चालत नाही. विमान कोणत्या वारी आणि किती वाजता उतरतं, हे आधी बघावं लागतं.

थोडा हिशेब. दहा तासांच्या लेओव्हरमधले दहाही तास शहराचे नसतात. उतरून इमिग्रेशन पार करायला तासभर, पुढच्या विमानाआधी तीन तास विमानतळावर परत आणि जाण्या-येण्याचा तास-दीड तास. हाती उरतात साडेचार-पाच तास. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली तर बॅग सहसा शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होते आणि प्रवासी हात हलवत बाहेर पडू शकतो. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग उचला, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा, अशी सगळी वरात निघते. भारतीय पासपोर्टधारकाकडे शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर ओमानमध्ये प्रवेशाची सवलत मिळू शकते, नसला तर ई-व्हिसा आधीच काढायचा. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी ते ताजे तपासून घ्यावेत.

नकाशावर मस्कत हे एक शहर दिसतं, प्रत्यक्षात ती समुद्र आणि डोंगर यांच्यामधली एक लांबलचक पट्टी आहे. विमानतळ सीबला, पट्टीच्या पश्चिम टोकाकडे. मत्राह आणि जुनं मस्कत तिथून तीसएक किलोमीटर पूर्वेला. २०१८ साली सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमधून बाहेर पडून ‘जरा पायी फिरून येऊ’ असं म्हणायची सोय नाही. टॅक्सी घ्यावी किंवा ‘मवासलात’ या सार्वजनिक वाहतूक सेवेची बस. वाटेत गगनचुंबी इमारती जवळजवळ नाहीत. इमारतींची उंची आणि रंग यांवर इथे निर्बंध आहेत, त्यामुळे पांढरी, फिकट मातकट, बसकी घरं मैलोन्‌मैल दिसत राहतात.

सकाळी सहा-सातला उतरणाऱ्याचं नशीब सगळ्यांत चांगलं. सुलतान काबूस भव्य मशीद विमानतळ आणि जुनं शहर यांच्या मधेच आहे. मुस्लिमेतरांना ती शनिवार ते गुरुवार, सकाळी आठ ते अकरा एवढ्याच वेळात पाहता येते. स्त्रियांनी केस, हात आणि पाय झाकायचे, पुरुषांनी लांब पँट घालायची. म्हणजे ओढणी किंवा स्कार्फ हातातल्या बॅगेतच हवा, तो चेक-इन केलेल्या बॅगेत गेला तर उपयोग नाही. २००१ साली खुल्या झालेल्या या मशिदीच्या बांधकामाला सुमारे तीन लाख टन भारतीय वालुकाश्म लागला. आतला इराणी गालिचा ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. तो सुमारे ६०० स्त्रियांनी विणला, त्यात १७० कोटी गाठी आहेत आणि त्याचं वजन २१ टन भरतं. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीतला गालिचा येईपर्यंत एकसंध गालिच्यांत जगात हाच सर्वांत मोठा होता. प्रवाशांना त्यावर पाय ठेवू देत नाहीत. कडेने घातलेल्या पट्टीवरूनच चालायचं.

मशिदीतून निघालं की मत्राह. समुद्राला लागून वळत गेलेला कॉर्निश, बंदरात उभी जहाजं आणि मागे तपकिरी-काळे, एकही झाड नसलेले डोंगर. या डोंगरांपाशी घटकाभर थांबावं. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे खडक आहेत, भूपट्टांच्या रेट्याने जमिनीवर चढून बसलेले. भूशास्त्रज्ञ त्यांना ओफिओलाइट म्हणतात आणि ते अभ्यासायला जगभरातून ओमानला येतात.

मत्राहच्या बाजारात धोफारचा लोबान, खंजिरी, चांदी आणि हलवा मिळतो. पण दुपारी एकच्या सुमारास दुकानं बंद होऊ लागतात आणि चार-पाचपर्यंत उघडत नाहीत. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. इथे मात्र कारण हवामानाचं आहे. जून २०१८ मध्ये मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरियातमध्ये एका रात्रीचं किमान तापमान ४२.६ अंश होतं. रात्र अशी असेल तिथे दुपारी दुकान उघडं ठेवून गिऱ्हाईक कुठून यायचं?

दुपार हाताशी असली तर जुन्या मस्कतमधलं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं. २०१६ साली उघडलेली ही वास्तू अल आलम राजवाड्यासमोर आहे. राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना खडकांवर जलाली आणि मिरानी हे किल्ले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५०७ साली मस्कत जाळून घेतलं आणि हे बंदर पोर्तुगीजांच्या त्या साम्राज्यात गेलं, ज्याचा कारभार पुढे गोव्यातून चालला. आज दिसणाऱ्या किल्ल्यांची उभारणी १५८० च्या दशकातली. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफने पोर्तुगीजांना हुसकावलं. त्यानंतर ओमानी आरमार उलट्या दिशेने आलं आणि १६६८ मध्ये त्याने दीव लुटलं.

मुंबईशी असलेला धागा आणखी जवळचा. सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं ते मुंबईत. त्यांचे पुत्र सईद अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी काढलेला खास रुपया इथे १९७० पर्यंत चालत होता. राजवाड्याजवळ मोतीश्वराचं देऊळ आहे आणि महाशिवरात्रीला तिथे हजारोंची रांग लागते.

याच सईद यांच्या राजवटीत सूर्यास्तानंतर तीन तासांनी शहराच्या वेशी बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. जुलै १९७० मध्ये काबूस यांनी वडिलांना पदच्युत केलं आणि ही बंधनं गेली. आजचे रस्ते, शाळा, रुग्णालयं यांतलं बहुतेक त्यानंतरचं. तरी रात्रीच्या मस्कतला गजबज फारशी नाही. संध्याकाळी उतरणाऱ्याने थेट मत्राह गाठावं. बाजार साधारण दहापर्यंत उघडा असतो आणि कॉर्निशवर ओमानी कुटुंबं मुलाबाळांसह फिरायला आलेली असतात. मध्यरात्री उतरून पहाटे निघणाऱ्याला मी शहरात जायचा सल्ला देत नाही. त्याने विमानतळावरच्या हॉटेलात पाठ टेकावी.

शुक्रवारचं गणित वेगळं. ओमानची साप्ताहिक सुट्टी २०१३ पासून शुक्रवार-शनिवार आहे. शुक्रवारी पर्यटकांसाठी मशीद बंद आणि सकाळी बाजारही बहुतेक बंद. अशा दिवशी सकाळी मत्राहच्या मासळी बाजाराकडून किनाऱ्याने रियाम बागेपर्यंत चालत जावं. तिथल्या टेकडीवर लोबान जाळण्याच्या धुपाटण्याची अवाढव्य प्रतिकृती आहे. पैसे बदलताना बेताने बदलावेत, कारण एक रियाल म्हणजे सुमारे २.६ अमेरिकी डॉलर आणि पन्नासाची नोट आपल्याकडच्या पन्नासाच्या नोटेसारखी हाताळली की खिसा हलका होतो. चहा, टॅक्सी आणि हलव्याचा एक डबा यांना थोडेच रियाल पुरतात. हलवा मऊ असतो, सुरक्षा तपासणीत अडकू शकतो. चेक-इन बॅग पुढे गेली असेल तर लोबानच घेतलेला बरा.