दादाची साक्ष

मोठ्या माणसाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे की नाही हे ठरवताना डॉक्टर त्याच्या लहानपणाचा पुरावा मागतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत तशी अटच आहे: काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असली पाहिजेत. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून हे निदान होत नाही. त्यामुळे धुळ्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी पुढच्या वेळी सोबत आणा." आई-अण्णा आता नाहीत. मी दादाला फोन केला. तो मार्केट यार्डातलं काम दुसऱ्यावर सोपवून आला आणि येताना आईच्या पत्र्याच्या पेटीतली माझी प्रगतिपुस्तकं घेऊन आला.

बाईंचे शेरे सगळीकडे सारखेच होते. हुशार आहे, लक्ष देत नाही. इयत्ता बदलली की फक्त अक्षर बदलत होतं.

मग डॉक्टरांनी दादाला विचारायला सुरुवात केली. हिच्या वस्तू हरवायच्या का? दादा म्हणाला, "हरवायच्या ना. म्हणून मी माझ्या खिशात एक जादा पेन्सिल ठेवायचो." शाळेत वेळेवर पोचायची का? यावर तो थोडा थांबला. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं 1818 नंतर आखून दिलेल्या धुळ्याच्या गल्ल्या सरळ आहेत, त्यांना नुसते नंबर आहेत. आमच्या घरापासून शाळेपर्यंत वाट चुकण्यासारखं काही नव्हतं. तरी दादा रोज माझा हात धरून न्यायचा, कारण कासाराच्या दुकानापाशी मी थांबले की थांबलेच. मला वर्गात बसवून तो धावत आपल्या शाळेत जायचा, तोवर प्रार्थना संपलेली असायची आणि त्याला बाहेर उभं करायचे. घरी त्यानं हे कधीच सांगितलं नाही. मलाही नाही. डॉक्टरांनी विचारलं म्हणून इतक्या वर्षांनी ते बाहेर आलं.

डॉक्टर लक्षणं टिपत होते. मी ऐकत होते ती एका मुलानं बहिणीसाठी केलेल्या कामांची यादी होती.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी 'हा लहान मुलांचा आजार' असं सांगून मला परत पाठवलं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी तसं केलं नाही. त्यांनी रक्तदाब, नाडी आणि वजन बघितलं, घरात कुणाला हृदयविकार आहे का ते विचारलं, झोपेची आणि थायरॉइडची चौकशी केली आणि मग मिथाइलफेनिडेट अगदी कमी मात्रेत सुरू केलं. औषध म्हणजे चष्मा आहे, लावल्यावर वाचायचं तुम्हालाच आहे, हे त्यांचं वाक्य मी आजही धरून आहे.

मी जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे या रेणूची गोष्ट मी मुद्दाम शोधून वाचली. स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं तो 1944 साली तयार केला. त्याच्या पत्नीनं, मार्गरीटनं, तो स्वतः घेऊन पाहिला. तिला घरात रिटा म्हणत, त्यावरून औषधाला रिटालिन हे नाव पडलं. मेंदूतल्या पेशींमध्ये डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत शोषलं जातं, ते हा रेणू काही तास रोखून धरतो. त्यामुळे हातातल्या कामाला मनात पुरेसं वजन मिळतं. कधी न पाहिलेल्या त्या बाईचंही माझ्यावर ऋण आहे.

हे औषध मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली आणि शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. असा परवाना असणारी दुकानं थोडी. धुळ्यातले एक औषधविक्रेते माझ्यासाठी ते मागवून ठेवतात. पहिल्यांदा चिठ्ठी पुढे करताना माझा हात अवघडला होता. त्यांनी वहीत नोंद केली, पावती दिली आणि म्हणाले, "ताई, संपायच्या आठवडाभर आधी फोन करत जा, तुमची खेप चुकायला नको." माझ्याकडे संशयानं न पाहणारा तो पहिला अनोळखी माणूस.

गोळीनं दुपारची भूक मरते. हे कळल्यावर सासूबाईंनी एक शब्द न विचारता सकाळी सातलाच कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवायला सुरुवात केली. "आधी जेव, मग गोळी." माझं वजन टिकलं ते त्यांच्यामुळे.

औषधाचा परिणाम मला पहिल्यांदा उत्तरपत्रिका तपासताना जाणवला. एक पेपर संपला, मी दुसरा घेतला. मध्ये उठले नाही, स्वतःला रागावले नाही. आयुष्यभर ज्याला मी आळस समजत आले होते, तो आळस नव्हता, हे त्या टेबलाशी मला कळलं आणि मी रडले. गोळीचा अंमल उतरल्यावर विसरणं परत येतं. भिंतीवरची यादी, मोबाइलचा गजर, गुणपत्रक माझ्याबरोबर ताडून बघणारी सहकारी मैत्रीण हे सगळं अजून लागतं. पण मन स्थिर असलेल्या त्या काही तासांत मागचं आयुष्य नीट दिसू लागलं, आणि त्यात जागोजागी माणसं उभी दिसली. ज्या ज्या ठिकाणी मी निभावून नेलं असं मला वाटत होतं, तिथे कुणीतरी माझ्या वाटचं लक्ष ठेवलेलं होतं.

आमच्या जळगावाजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं टिपून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकात आली. एवढ्या थोर बाईलाही कुणाच्या तरी कानाचा आणि लेखणीचा आधार लागला. मग मला लागलेल्या आधाराची लाज मी कशासाठी बाळगावी?

जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के मानतात. अण्णांनी किती धंदे उत्साहानं सुरू केले आणि अर्ध्यात सोडले! लोक त्यांना धरसोड्या म्हणत. त्यांना निदान मिळालं नाही, औषध मिळालं नाही, बाजूनं साक्ष द्यायलाही कुणी नव्हतं. आज त्यांची आठवण आली की माझ्या मनात फक्त माया असते.

दादाची धाकटी आता तिसरीत आहे. परवा त्याचा फोन आला. शाळेतून तिच्या वहीत शेरा आला होता, तो त्यानं वाचून दाखवला. मग म्हणाला, "डॉक्टरांकडे नेतोय हिला. तू येशील?" मी रजा टाकली आहे. तिच्या बाईंनाही भेटणार आहे. खोडकरपणा कुठला आणि न जमणं कुठलं, हे मला आतून माहीत आहे. ते मी डॉक्टरांना सांगेन, बाईंना सांगेन, आणि सर्वांत आधी त्या पोरीला सांगेन. दादानं माझ्यासाठी जे केलं ते मी त्याच्या लेकीसाठी करणार आहे, आणि तिला चाळिशीपर्यंत थांबावं लागणार नाही.