एका इंजिनापायी

प्रवासवर्णन म्हटले की हिमालय हवा, निदान केरळ तरी हवे. मुलुंड, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही काही प्रवासवर्णनाची गावे नव्हेत. इथे माणूस राहतो, सकाळी लोकल पकडतो आणि रात्री जेवायला परततो. परंतु गेल्या वर्षी एका इंजिनापायी मी या पाचही ठिकाणी हिंडलो, आणि जन्म उपनगरात काढूनही जी मुंबई पाहिली नव्हती ती मला दिसली.

इंजिन अर्थात माझे नव्हे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मोटारीशी माझा संबंध रिक्षाच्या मीटरपुरता. इंजिन होते मुलुंडच्या माझ्या भाच्याचे, म्हणजे त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पंचवीसएक मुलांचे. ही मुले एका माणसाची, उघड्या चाकांची, शर्यतीची छोटी मोटार स्वतःच्या हाताने बांधतात. अशा स्पर्धेला १९८१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये प्रारंभ झाला. आपल्याकडे ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. आमच्या उपनगरांत या विद्येची परंपराच पडली आहे. विद्याविहारच्या सोमैया महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ आणि पवईच्या आय.आय.टी.चा संघ ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. पवईची मंडळी विजेवर चालणाऱ्या गाड्या करतात. भाच्याचा संघ मात्र अजून पेट्रोलवाला.

मुलुंडला बहिणीच्या दिवाणखान्यात या संघाची सभा भरली तेव्हा मी सहज पोह्यांना गेलो होतो. सभेत दोन तट पडलेले. एक तट चार सिलिंडरवाल्यांचा, दुसरा एका सिलिंडरवाल्यांचा. वर्गणी आणि देणग्या मिळून पैसे एकाच इंजिनापुरते जमले होते, आणि भाच्याचे तर शेवटचे वर्ष. चुकले तर पुन्हा संधी नाही. “मामा, तुम्हाला यातले काही कळत नाही, तेव्हा तुम्हीच अध्यक्ष व्हा,” असे म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवले. साहित्य संमेलनांतही अध्यक्षाची निवड इतकी स्पष्ट कारणे देऊन होत नाही.

वाद असा होता. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे इंजिन ७१० सीसीपर्यंत चालते. चार सिलिंडरवाल्यांना होंडाच्या सीबीआर जातीच्या मोटारसायकलचे ५९९ सीसीचे इंजिन हवे होते. ताकद भरपूर, आवाज ऐकून छाती फुलावी असा. पण ते परदेशी, महाग, आणि सुटा भाग मोडला तर महिनाभर वाट पाहायची. दुसऱ्या तटाचे म्हणणे केटीएम ड्यूक ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन घ्यावे. ते पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेले. त्याची ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. वजनाला हलके, आणि सुटे भाग कुर्ल्यात मिळतात.

“पण ताकद निम्मी!” चार सिलिंडरवाले म्हणाले.

तेव्हा भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मला अध्यक्ष असूनही समजली. स्पर्धेत प्रत्येक पेट्रोल इंजिनाला हवा २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातून ओढावी लागते. हे वेसण मुद्दाम घातलेले आहे. हवा त्या गळ्यातून ध्वनीच्या वेगाने जाऊ लागली की इंजिनाने कितीही ओढले तरी सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमपेक्षा अधिक हवा मिळत नाही. हवा नाही तर पेट्रोलही जळत नाही. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या पुष्कळ ताकदीचे पैसे भरायचे आणि ती गळ्यापाशीच अडवून घ्यायची. तरीही मोठे इंजिन पुढेच राहते, हे त्याने कबूल केले. पण शर्यतीची वाट वळणावळणांची. सरळ धाव पंचाहत्तर मीटरची, आणि मुख्य परीक्षा बावीस किलोमीटर न थांबता टिकण्याची. मध्यावर चालक बदलतो, इंजिन बंद करावे लागते, आणि तापलेले इंजिन लगेच पुन्हा सुरू व्हावे लागते. ते झाले नाही तर वर्षाचे काम तिथेच संपते.

मी अध्यक्षीय समारोपात एकच प्रश्न विचारला : “रात्री दहा वाजता ते बिघडले, तर दोहोंपैकी कोणते तुम्हाला दुरुस्त करता येईल?” मत एका सिलिंडरच्या बाजूने पडले.

पुढच्या रविवारी आम्ही कुर्ल्याला गेलो. पश्चिमेला उतरून विद्याविहारच्या रोखाने गेले की प्रीमियर रोड लागतो. नाव उरले आहे; ज्याच्यावरून ते पडले तो कारखाना उरलेला नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही भूमी. तिथे आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. आपल्या घरांतून जिला सरसकट ‘फियाट’ म्हणत ती अकराशे जातीची मोटार इथून बाहेर पडे. पुढे १९७० नंतरच्या काळात तीच ‘पद्मिनी’ झाली. तिचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन उपनगरातल्या मिस्त्र्यांचे प्राथमिक विद्यालय होते. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पण तिच्यावर हात बसलेली माणसे अजून कुर्ल्याच्या गल्ल्यांत आहेत.

त्यांपैकी एका वृद्ध मिस्त्रींच्या गाळ्यात आमचे इंजिन उघडले गेले. अपघातात सापडलेल्या मोटारसायकलचे ते इंजिन भाच्याने कागदपत्रांसह रीतसर विकत घेतले होते. मिस्त्रींनी सिलिंडरच्या आतून बोट फिरवले, ओरखडा नाही ना पाहिले, पिस्टनच्या कड्या तपासल्या आणि म्हणाले, “अच्छा है. लेकिन अच्छा है करके मत छोड़ो, नापो.” मग मुलांनी मापे घेतली. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनिक मापकाचा आकडा येण्याआधीच मिस्त्रींच्या बोटाने निकाल दिलेला असे, आणि दोन्ही जुळत.

कमी पैशांत गाडी बांधणारा इंजिन बनवत नाही, उसने घेतो, ही रीत जगभरची आहे. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी केली. त्यातून पुढे लोटस हे नाव उभे राहिले. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन घालून एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि आपल्याकडच्या सामान्य मुलांना शर्यतीचे दार उघडून दिले. कारी स्पीडवे हे त्यांचेच स्मारक. आपल्या मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली, तिच्या पोटातही रेनोचे इंजिन होते.

घाटकोपरहून मेट्रोने साकीनाका हा पुढचा टप्पा. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाल्यापासून मध्य आणि पश्चिम रेल्वेची माणसे एकमेकांच्या घरी जाऊ लागली आहेत. साकीनाक्यापासून अंधेरीपर्यंत औद्योगिक गाळ्यांची दाटी. कुणी लेथवर दांडे कातते, कुणी ॲल्युमिनियम जोडते. यांपैकी एका गाळ्यात हवेची पेटी तयार झाली. एका सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांतून एकदाच, पण मोठा घोट घेते. बारीक गळ्यातून तो घोट एकदम येणार कसा? ज्यांनी चाळीत दिवस काढले त्यांना उत्तर ठाऊक आहे : नळाची धार बारीक असली तर पिंप भरून ठेवायचे. गळा आणि इंजिन यांच्यामध्ये ही पेटी म्हणजे हवेचे पिंप. ते लहान झाले तर घोट अपुरा पडतो. फार मोठे झाले तर पायाने दाबल्यावर इंजिन उत्तर द्यायला उशीर लावते.

मग इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चार रात्री गेल्या. संगणकात पंचांगासारखा तक्ता असतो : आडवे इंजिनाचे फेरे, उभी थ्रॉटलची उघड, आणि प्रत्येक घरात पेट्रोलची मात्रा. शिकवताना मी वृत्ताच्या मात्रा मोजतो. भाचा इथे पेट्रोलच्या मोजत होता. पुस्तकी प्रमाण एका भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवेचे. पण पुरी ताकद हवी तर मिश्रण थोडे घट्ट, बारा-तेराच्या आसपास. ते विरळ झाले तर इंजिन तापते, ठोके देते आणि पिस्टन जळतो. ठिणगी किती अंश आधी पाडायची हेही घराघराने ठरवायचे. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि वहीत लिहायचा, हा भाच्याचा दंडक. दोन आकडे एकदम बदलले तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, हे कळत नाही.

अशी गाडी रस्त्यावर नेता येत नाही. नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते, आणि नोंदलेल्या गाडीची मूळ रचना बदलण्यालाही १९८८ चा मोटार वाहन कायदा आड येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. १९५० नंतरच्या काळात जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. आता मुलांना मोकळी जागा शोधावी लागते. बोरिवलीच्या बाजूला एक बंदिस्त आवार रीतसर परवानगीने रविवारपुरते मिळाले, तिथे गाडी प्रथम धावली. उत्तम धावली. पाचव्या फेरीनंतर चालक बदलला, बटण दाबले, आणि इंजिन सुरू होईना. दहा मिनिटांनी, थंड झाल्यावर, ते मुकाट्याने सुरू झाले. तीनदा तसेच घडले. स्पर्धेला सोळा दिवस उरले होते. मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

भाच्याने कुर्ल्याच्या मिस्त्रींना दूरध्वनी केला. ते संध्याकाळी लोकलने बोरिवलीला आले, प्लग काढून उजेडात धरला. काळा आणि ओला. “गरम को इतनी भूख नहीं होती. तुम थंडे वाला खाना खिला रहे हो.” भाच्याने तक्ता उघडला. सुरू करतानाच्या पेट्रोलची मात्रा थंड आणि तापलेल्या इंजिनाला जवळजवळ सारखीच राहिली होती! थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून ते जास्त द्यावे लागते; तापलेल्याला तेवढेच दिले तर प्लग भिजतो. तपमानाप्रमाणे पाच आकडे खाली आणले, नवा प्लग घातला. पुढच्या वीस प्रयत्नांत इंजिन वीस वेळा सुरू झाले.

कोइमतूरला त्यांना पारितोषिक मिळाले नाही. बावीस किलोमीटर मात्र पुरे झाले, आणि मध्यावर बटण दाबताच इंजिन सुरू झाले, हे भाच्याने मला तिथूनच ओरडून सांगितले. बहिणीने त्या दिवशी मुलुंडच्या शेजाऱ्यांना पेढे वाटले. कशाबद्दल, ते तिला नीट सांगता आले नाही.

परतल्यावर भाच्याने ती आकड्यांची वही पुढच्या वर्गाच्या हवाली केली. पहिल्या पानावर ‘आपल्याला उघडता येईल तेच इंजिन घ्या’ असे लिहिले आहे, आणि शेवटच्या पानावर मिस्त्रींच्या गाळ्याचा पत्ता. ती गल्ली पुनर्विकासात जाणार असे म्हणतात. तेव्हा पत्ता बदलेल. नवा पत्ता विचारून ठेवण्याचे काम मुलांनी माझ्याकडे सोपवले आहे.