एका कानाचा स्टिरिओ

रमजान ईदला भाचा पुण्याहून आला तो पाठीवर एक पेटी घेऊन. उघडली तर आत नुसती बटणं, भोकं आणि रंगीबेरंगी वायरी. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणे. मला वाटलं, पोरानं जुनं टेलिफोन एक्स्चेंजच उचलून आणलं.

"मामू, यातला हा स्टिरिओ ऑसिलेटर बघा."

त्यानं सांगितलं ते पोरांनाही समजेल इतकं सोपं होतं. नळाखाली भांडं ठेवलंय. धार एकसारखी, म्हणून पाणी एकसारखं चढतं. काठाला आलं की कुणीतरी भांडं झटकन पालथं करतं, आणि पुन्हा भरणं सुरू. इथं भांडं म्हणजे कपॅसिटर आणि पाणी म्हणजे विजेचा भार. सेकंदाला 220 वेळा भरून रिकामं झालं की 220 हर्ट्झचा सूर. धार वाढवली की सूर चढतो. बहुतेक यंत्रांत एक व्होल्ट वाढवला की बरोबर एक सप्तक वर.

स्टिरिओमध्ये अशी दोन भांडी. हुकूम दोघांना एकच, फक्त एकाची धार किंचित मोठी. डावीकडे 220, उजवीकडे 222. हवेत एकत्र आल्या की या लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. त्यात ॲनालॉग यंत्र तापलं की सूर सरकतो. बनवणारे तो आवरायला धडपडतात आणि वाजवणाऱ्यांना त्याचंच वेड!

हा हेलकावा मला ओळखीचा होता. तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा एकाच षड्जावर लावतात. मिरजेत कारागिरांना तिथं कान लावून बसलेलं मी पाहिलंय. तारा जराशा चुकल्या तरी आवाज असाच हलतो.

त्यानं हेडफोन दिले. मला एक सरळ सूर ऐकू आला.

"डोक्यात फिरतंय ना?"

मी मान हलवली. मान हलवायची सवय जुनी आहे. लहानपणी डावा कान वाहायचा, मग त्यानं कामच सोडलं. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. वर्गात मी डाव्या भिंतीला लागून उभा राहतो, म्हणजे सगळी पोरं उजवीकडे येतात. तरी एखादी मुलगी डावीकडून हळूच "सर" म्हणते आणि मी तसाच पुढं जातो. ती काय समजत असेल?

"मामू, डावी वायर निघालीय. तुम्हाला कळलं नाही?"

मग सांगावंच लागलं.

"अम्मीला माहीत आहे?"

"फक्त तिलाच."

तो पुढं काही बोलला नाही. दोन्ही वायरी मिक्सरमध्ये एकत्र केल्या आणि एकच स्पीकर लावला. बेरीज आता कानाआधीच झाली होती. आवाज हलायला लागला, माझ्या एका कानातसुद्धा. तो बटण अगदी हळू फिरवत होता. हेलकावे लांबत गेले. सेकंदाला दोन, मग एक, मग त्याहून संथ.

"थांब," मी म्हणालो. "इथंच ठेव थोडा वेळ."